गोलकीला जोडी नसती

आमच्या क्लबाचा इतिहास मॅसेडोनियात सुरू होतो. हसू नका. हसायचंच असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधेच कुणी दात काढले की माझं डोकं फिरतं, आणि या डोक्यापायीच पुढचा सगळा तमाशा झालाय.

चौसाळ्यात हायवेला लागून आमचं पंक्चरचं दुकान आहे. अब्बांनी टाकलेलं, आता मी चालवतो. पंक्चरच्या दुकानात चिंध्या लई लागतात. ग्रीस पुसायला, ट्यूब पुसायला, गिऱ्हाइकाच्या गाडीचं सीट पुसून त्याला खूश करायला. अब्बा त्यासाठी बीडच्या बाजारातनं जुन्या कपड्यांचं गाठोडं आणायचे. परदेशातनं आलेले वापरलेले कपडे असतात ते. चांगलं चांगलं हातगाडीवाले आधीच वेचून घेतात, उरलंसुरलं आमच्या वाट्याला येतं. एकदा त्या गाठोड्यातनं लाल जर्स्या निघाल्या. सगळ्या एकसारख्या, गळ्याला पिवळी पट्टी, छातीवर बिल्ला, आणि बिल्ल्यावर कुणाच्या बापाला वाचता येणार नाहीत अशी अक्षरं. मी दुकानात पोचेपर्यंत अब्बांनी त्यातल्या एकीनं ट्रॅक्टरचं एक्सल पुसून काढलं होतं.

“अब्बा, क्या कर रहे! नई जैसी है!”

“नया तो मैं भी था कभी,” अब्बा म्हणाले आणि पुसत राहिले.

बाकीच्या मी त्यांच्या हातातनं ओढून घेतल्या. मोजल्या तर अकरा भरल्या, ती काळी झालेली धरून. अकरा म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच मुकादम आला.

मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी घेऊन जाणारा माणूस. आमच्या भागातली निम्मी घरं दसरा झाला की कुलूप लावून ऊस तोडायला निघतात आणि चैत्रात परततात. आमचा मुकादम वर्षानुवर्षं टोळी कोल्हापूरकडं नेत होता. तिकडच्या लोकांना फुटबॉलचं किती वेड आहे ते काय सांगायचं! एकदा कारखाना बंद पडला, टोळीला काम नव्हतं, तर हा मॅच बघायला गेला आणि खुळावून परत आला. त्या वर्षी टोळी गावात आली तेव्हा ट्रकमधनं भांडी उतरली, गोधड्या उतरल्या, कोंबड्या उतरल्या, आणि सगळ्यात शेवटी मुकादम उतरला, काखेत चेंडू घेऊन. गावाला वाटलं कलिंगड आणलंय.

आता मुकादमाला फुटबॉलमधलं काय कळत होतं? घंटा काही नाही. त्याला टोळी कळत होती. ऊसतोडीत माणसं सुटी धरत नाहीत, जोडीनं धरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक तोडतो, दुसरा मोळी बांधतो. एकाला ताप आला की दुसऱ्यालाही बसावं लागतं, एकट्यानं उसाचा फड उठत नाही. ‘एक बसला की कोयता बसला,’ असं टोळीत म्हणतात. आणि ज्याला जोडीच नाही असा सुटा गडी म्हणजे अर्धा कोयता.

मुकादमानं टीम अशीच लावली. टोळीतली दहा तरणी पोरं घेतली आणि त्यांच्या पाच जोड्या केल्या. पळायचं जोडीनं, पाणी प्यायचं जोडीनं, एकाच्या पायाला लागलं तर दुसऱ्यानं त्याला घरी नेऊन सोडायचं. त्यांच्या बायका वैतागल्या. “फडात एक जोडी, मैदानात दुसरीच,” त्यातली एक म्हणाली होती, “आमच्या मालकाची दोन लग्नं लावली मुकादमानं.” पण पोरं मात्र त्या नेमाला देवाच्या शपथेसारखी धरून होती. सवयच ती. दहा जणांत पाच कोयते. आणि अकरावा मी. मला टीममध्ये घेतलं ते खरं तर जर्स्यांपायी. पळायला मी कधीच तरबेज नव्हतो, म्हणून मुकादमानं मला गोलात उभं केलं, ती ग्रीसची काळी जर्सी माझ्या अंगात घातली आणि म्हणाला, “तू गोलकी. अर्धा कोयता.”

झालं. गाव मला अर्ध्या म्हणायला लागलं.

टीममध्ये माझा एक वैरी होता. बॅकला खेळायचा, ताडमाड उंच, म्हणून आपण त्याला लांबडा म्हणू. गोल झाला की लांबड्याच्या मते चूक गोलकीची आणि माझ्या मते बॅकची. दर मॅचला आमचं भांडण मैदानात सुरू व्हायचं आणि हायवेवरच्या चहाच्या टपरीपर्यंत चालायचं. चेंडू जाळीत गेला की तो तिथनंच ओरडायचा, “पुन्हा पंक्चर झालं रे!” मीही काही कमी नव्हतो. “तू बॅक हाईस का इजेचा खांब? हालत का न्हाईस बे?” लांबड्याची जोडी होती मुकादमाच्या जावयाबरोबर. जावई चकलांब्याचा. लग्न झाल्यापासून सासऱ्याच्या टोळीत आलेला, गरीब स्वभावाचा, आमच्या दोघांच्या मधे उभा राहून दोघांच्या शिव्या खायचा.

त्या दोघांचं बघून मला कसं व्हायचं ते सांगतो. लांबडा घसरून पडला की जावई न बघता हात पुढं करायचा आणि लांबडा न बघता तो धरायचा. मी पडलो की माझा मीच उठायचो आणि धूळ झटकायचो. मला जोडीदार पाहिजे होता. दुसरं काही नको होतं, कप नको, फोटो नको. कुणीतरी माझ्यासाठी बसावं, एवढंच पाहिजे होतं. आता चाळिशीला टेकल्यावर हे सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा मेलो असतो तरी सांगितलं नसतं.

दसरा झाला की ट्रक भरायचे. टीमच्या टीम ट्रकमध्ये चढून जायची आणि मी मागं. चेंडू माझ्याकडं राहायचा, हवेचं मशीन माझ्याकडं होतं ना. दुकानामागच्या भिंतीवर चेंडू मारायचा, परत आला की धरायचा, पुन्हा मारायचा. अब्बा खाटेवरनं बघायचे. “कौन जीता?” ते विचारायचे. “दीवार?”

अशाच एका हिवाळ्यात एका ट्रक डायव्हरनं मला मोबाइलची ती करामत दाखवली. परक्या अक्षरांवर कॅमेरा धरायचा की त्याचं मराठी होतं, मोडकंतोडकं का होईना. मी पहिल्यांदा धरला तो जर्सीवरच्या बिल्ल्यावर. गावाचं नाव निघालं, वर्ष निघालं, आणि देश निघाला मॅसेडोनिया. मला आधी वाटलं खोकल्याचं औषध आहे. अब्बांना विचारलं तर ते म्हणाले, “वहाँ से एक बादशाह निकला था, दुनिया जीतने. घर नई लौटा बेचारा.”

मग मी शोधत गेलो. गिऱ्हाईक नसलं की हात पुसायचे आणि वाचत बसायचं. त्या क्लबाचा इतिहास कुणी तरी मन लावून लिहून ठेवला होता. डोंगराच्या पायथ्याचं लहान गाव, सगळं तंबाखूवर चालणारं. बायामाणसं तंबाखूची पानं दोऱ्यात ओवून वाळत घालतात. गोदामातल्या हमालांनी क्लब काढला. पहिलं मैदान म्हणजे खळं. मळणी उरकली की खेळायचं, तोवर नाही. एकदा हे लोक चुकून वरच्या लीगमध्ये चढले आणि एकाच हंगामात इतके हरले की शरमेनं खाली उतरले. पुन्हा काही वर गेले नाहीत. एका वर्षी मैदानात मेंढरं बसली म्हणून मॅच पुढं ढकलली. हे वाचून मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवल्या. आमच्या मैदानात म्हशी बसायच्या.

आणि मग पुढं असं होतं, की त्या गावातली तरणी माणसं कामाला बाहेर जातात. त्यांच्याकडं ही जुनी रीतच आहे, आजा गेला, बाप गेला, आता लेक जातो. पूर्वी चालत जायचे, आता विमानानं जर्मनीला जातात. गडी उरले नाहीत की क्लब बंद पडायचा. परत आले की सुरू व्हायचा. बंद, सुरू, बंद, सुरू. अशाच एखाद्या बंदमध्ये त्यांच्या जर्स्या भंगारात निघाल्या असतील आणि समुद्र ओलांडून अब्बांच्या एक्सलपर्यंत आल्या असतील. मी वाचत होतो आणि मोठ्यानं म्हणत होतो, अरे, ही तर आपलीच टोळी की रे!

अजून एक गोष्ट होती. उन्हाळ्यात सगळे सुट्टीवर घरी आले की त्या गावात दरवर्षी एक मॅच होते. गेलेले विरुद्ध राहिलेले. परदेशी जाणारे एका बाजूला, गाव राखून बसलेले दुसऱ्या बाजूला. आणि बहुतेक वेळा जिंकतात राहिलेले, कारण गेलेल्यांची पोटं सुटलेली असतात. ते मी इतक्या वेळा वाचलं की मोबाइल तापला.

चैत्रात टोळी आली. मी कुणाला हातपाय धुऊ दिले नाहीत. सगळ्यांना दुकानासमोर टायरांवर बसवलं आणि इतिहास वाचून दाखवला. मुकादम लक्ष देऊन ऐकत होता.

“तिकडं मुकादम कोण हाय?” त्यानं विचारलं.

“कोच म्हनत्यात मामा तिकडं.”

“नाव काय बी ठिवू दे. टोळी त्योच नेतो ना? मग मुकादमच त्यो.”

लांबड्याला एकाच गोष्टीत रस होता. “एका सालात एवढे गोल खाल्ले? मग गोलकी आपला पंक्चरवालाच असंल.”

मी पाना उचलला, जावयानं माझा हात धरला, आणि मी पुढं वाचलं. गेलेले विरुद्ध राहिलेले. ते ऐकून पोरं एकदम खूश झाली. आपून बी अशी मॅच ठिवू, म्हणाली. गेलेले म्हणजे आमी दहा जण. आणि राहिलेले? सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मग सगळ्यांची नजर माझ्यावर आली. असा हशा पिकला की अब्बा खाटेवर उठून बसले. मीही हसलो. हसलो नसतो तर रडलो असतो.

पोरं पांगल्यावर मी मुकादमाला गाठलं. “मामा, मला बी जोडी लावा की.”

“गोलकीला जोडी नसती.”

“कावून नसती?”

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि सरळ सांगितलं, “हे बघ, जोडी मैदानात लागत न्हाई, फडात लागती. थंडीत पहाटं उठून पाचटात हात घालायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं, जोडीदारानं खाली उभं ऱ्हायचं. तू आलाईस का कदी फडात? मग?”

खरं होतं ते. माझ्या हाताला ग्रीस होतं, उसाचे काप नव्हते. मला लई लागलं ते, आणि त्या वर्षी मी लांबड्याशी दुप्पट भांडलो.

दसऱ्याच्या तोंडावर अंबाजोगाईत स्पर्धा होती. मुकादमानं आमचं नाव दिलं. त्याला कप पाहिजे होता. कप ट्रकच्या केबिनवर दोरीनं बांधायचा, कोल्हापूरपर्यंत न्यायचा आणि तिकडच्या लोकांना दाखवायचा, “बगा, आमी नुस्ते कोयते न्हाई.” हे तो झोपेतसुद्धा बोलायचा, असं त्याची बायको सांगायची.

पहिल्याच मॅचला अंबाजोगाईकरांना आमचा नेम कळला. आमच्या एका पोराच्या पोटरीत गोळा आला, तो बाहेर जाऊन बसला. त्याच्या मागनं त्याचा जोडीदार, अगदी ठणठणीत, बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसला. जर्स्या अकराच, त्यामुळं बदली खेळाडू हा प्रकारच आमच्यात नव्हता. रेफ्री कुठल्याशा शाळेतले खेळाचे सर होते, जाड चष्म्याचे.

“हा का बसला?” त्यांनी मुकादमाला विचारलं.

“जोडी हाय सर.”

“पण त्याला काही झालेलं नाही!”

“एक बसला की कोयता बसला, सर,” मुकादम म्हणाला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि शिट्टी वाजवली. समोरची टीम इतकी गोंधळली की आमच्या नऊ जणांनी त्यांना हरवलं. नंतर ते विचारत होते, ही कुठली चाल आहे, युरोपातली का? मी म्हणालो, मॅसेडोनियातली.

असं करत करत आम्ही फायनलला पोचलो. समोर कॉलेजची पोरं. पायात बूट, बाटलीत रंगीत पाणी. आमच्यातले निम्मे अनवाणी. फायनलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघायचे होते. गावात गाठोडी बांधून तयार होती. पहिला गोल आमचा झाला. कसा झाला ते कॉलेजवाल्यांना कळलं नाही आणि आम्हालाही नाही. मुकादमानं तिथंच खिशातनं दोरी काढून दाखवली, कप बांधायची.

खेळ संपायला थोडाच वेळ राहिला होता आणि समोरच्यांचा एक गडी चेंडू घेऊन आमच्या गोलापाशी घुसला. त्यानं मारलेला चेंडू मधे लांबड्याला लागला. शिट्टी. पेनल्टी.

“हँड!” सर म्हणाले.

“छातीला लागला सर!” लांबडा ओरडला. “आईची आन, छातीला लागला!”

आता गंमत बघा. या लांबड्याशी मी जन्मभर भांडलो. पण तो आईची शपथ घेत होता आणि ते सर मान हलवत होते, आणि माझं डोकं फिरलं. मी गोल सोडून धावत गेलो. “सर, छातीला लागला. म्या बगितला. तुमच्या चष्म्याची काच पुसा.” सरांनी पिवळं कार्ड दाखवलं. “कार्ड कशाला दाखवता, काच पुसा! थांबा, मीच पुसतो. माझा धंदाच हाय त्यो.”

आणि मी सरांच्या नाकावरनं चष्मा उचलला.

खरंच उचलला. आणि जर्सीच्या टोकानं पुसला. ती जर्सी, म्हणजे तुमच्या लक्षात असेलच, ट्रॅक्टरच्या एक्सलची. सरांनी चष्मा परत घातला तेव्हा त्यांना मी दिसत नव्हतो. तरी त्यांनी लाल कार्ड बरोबर माझ्या दिशेनं धरलं.

मैदानात हसू पसरलं. मला हसू आलं नाही. मी जाळीपासनं बाहेरच्या लिंबाच्या झाडाकडं चालायला लागलो. मागं आमचे दहा जण उभे होते, पाच कोयते, सगळे जोडीनं. माझ्यामागं कुणी यायचा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात बाजूनं मुकादमाचा आवाज आला, “जाऊ द्या त्याला! अर्धाच हाय त्यो! तुमी खेळा!” तो वाईट बोलला नाही, टोळीच्या हिशेबानं बोलला. पण मला ते आरपार गेलं. मी झाडाखाली जाऊन बसलो आणि जर्सीनं तोंड पुसलं. तोंडही काळं झालं.

मान वर केली तर समोर लांबडा.

“सरक,” तो म्हणाला.

“तू कावून आलास बे? पेनल्टी हाय तिकडं!”

“सरक म्हणलं ना.” आणि तो माझ्या शेजारी ढोपरं पोटाशी घेऊन बसला.

त्याच्यामागनं जावई आला, रडवेला होऊन. “अरे, तू बसलास तर मला बी बसावं लागंल की! मला कावून वढतो बे?”

“मी कुठं वढतो? मी बसलो. आता तुझं तू बग.”

जावयानं मैदानाकडं बघितलं, सासऱ्याकडं बघितलं, लांबड्याकडं बघितलं. आणि तिकडं मुकादमाची काय अवस्था! लांबड्याला तो हव्या त्या शिव्या देऊ शकत होता आणि देतही होता. पण जावई म्हणजे जावई, त्याच्यावर आवाज चढवायचा तर लेकीपर्यंत बात जाणार. त्यानं हात जोडले. “पाव्हणं! तुमी तरी थांबा! पाया पडतो, पाव्हणं!”

“मामा, नेम तुमचाच हाय,” जावई म्हणाला आणि बसला.

मैदानात आठ उरले. गोलात आमचा पुढं खेळणारा पोरगा उभा केला, त्याला हात वापरायचे असतात हे आठवेपर्यंत चेंडू आत गेला होता. मग दुसरा गेला. मग तिसरा. आम्ही तिघं झाडाखालनं बघत होतो. मुकादमानं हातातली दोरी गुंडाळून खिशात घातली.

“लांबड्या,” मी म्हणालो, “जा बे अजून. कप चालला.”

“जाऊ दे.”

“एवढं काय झालतं? नेम काय सांगतो? माझी जोडी न्हाई कुणाशी. तुला बसायचं काही कारण नव्हतं.”

लांबडा गवताच्या काड्या तोडायला लागला. मग खालच्या मानेनं म्हणाला, “हाताला लागलता.”

“काय?”

“चेंडू. हाताला लागलता. मला म्हाईत व्हतं.”

“आईची आन घेतलीस की रे!”

“घेतली. आन् तू माझ्यासाठी त्या मास्तरचा चष्मा काढलास. मग म्या काय तिथं उभं ऱ्हायचं?” एवढं बोलून तो एकदम चिडला, नेहमीसारखा. “आन् सहा म्हैने तू तिथं भितीसंगं खेळतो, मला काय दिसत न्हाई का? परत आलो की भितीवर चेंडूचे डाग असत्यात नुस्ते.”

मग जावईच बोलला, आमच्यातला शांत गडी. “मी काय म्हणतो, आता आपून तिघं बसलो. म्हंजे किती कोयते झाले?”

“दीड,” लांबडा म्हणाला.

आणि आम्ही तिघं असे हसलो की हरणाऱ्या टीमनंही वळून बघितलं. सरांनी लांबनं शिट्टी वाजवली. आम्ही बाहेरच होतो, आम्हाला अजून कुठं काढणार?

परत येताना जीपमध्ये मुकादम कुणाशी एक शब्द बोलला नाही. मी पुढं होऊन म्हणालो, “मामा, चुकलं.” त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं. चौसाळ्यात उतरला तो सरळ घराकडं चालायला लागला. मला वाटलं, आता चैत्रात चेंडूही दुसऱ्याकडं जाणार.

सकाळी ट्रक आमच्या दुकानासमोर लागले. टायरांची हवा मीच बघायचो दरवर्षी. अब्बा खाटेवर, मी गेज घेऊन चाकापाशी, अंगात कालचीच जर्सी. गोधड्या चढल्या, पातेली चढली, पोरंबाळं चढली. मुकादम फळीपाशी उभा राहून नेहमीप्रमाणं जोड्या पुकारत होता, नवरा-बायको, नवरा-बायको, एकेक कोयता वर चढत होता. लांबडा आणि त्याची बायको चढली. जावई आणि मुकादमाची लेक चढली. केबिनवर कप बांधायची जागा रिकामी होती, तिकडं मी बघायचं टाळत होतो.

शेवटच्या चाकात हवा भरून मी उठलो तर मुकादम माझ्यासमोर. त्याच्या काखेत चेंडू. त्यानं तो माझ्या हातात दिला आणि फळीकडं वळला. एक पाय वर ठेवला. मग ट्रकमध्ये लांबड्याकडं बोट करून, सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं मला म्हणाला,

“अय गोलकी. तुझा जोडीदार मी नेतोय बरं का. चैतात आणून सोडतो.”

“आन् मी, मामा?” वरनं जावयानं विचारलं.

“पाव्हणं, तुमी आता अर्धं,” मुकादम म्हणाला. “काल बसायची लई हौस आली व्हती ना!” टोळी हसली, मुकादमाची लेक सगळ्यांत जास्त.

ट्रक हलला. लांबड्यानं मागनं ओरडून मला एक शिवी दिली, मी त्याला दोन दिल्या. धूळ खाली बसेपर्यंत मी चेंडू धरून रस्त्यात उभा होतो. मागनं एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याच्या पुढच्या चाकाची हवा गेली होती.

“बेटा,” अब्बा खाटेवरनं म्हणाले, “गिऱ्हाईक आया है. अन् आँख पोंछ ले पहले.”

मी जर्सीकडं हात नेला. अब्बांनी टॉवेल फेकला.